आधी कॅन घ्या

मी अर्धापूरचा. हवालदार म्हणून रिटायर झालो. शेवटची काही वर्षं ट्रेनिंग सेंटरला उस्ताद होतो. जेवून पेंगणाऱ्या रिक्रूटांना जागं ठेवायची पद्धत एकच. प्रश्न टाकायचा, थांबायचं, मग बोट दाखवायचं. नाव आधी घेतलं की बाकीचे खुशाल झोपतात.

मुरुडजवळच्या एका गावात, शाळेवर नायक बळीरामच्या नावाची पाटी लागणार होती. बळी माझ्या सेक्शनचा. मला भाषणाला बोलावलं. सकाळी नऊ पन्नासला सरपंच कानाशी लागले.

"मेजर, गोळी लागली म्हणा. घसरून मेला म्हणलं तर लोकं हसतेत."

"न्हाई म्हणणार."

"अहो, पाटीवरबी गोळीच लिवलीय!"

माझं डोकंच फिरलं. पुढच्या रांगेत बळीची आई बसली होती. 'घसरून मेला' म्हणून गावानं तिला आजवर मान वर करू दिली नव्हती. अन् आता तिच्यादेखत मी खोटं बोलू?

माइक हातात आला. अर्धं मैदान मोबाइलमध्ये. मी विचारलं, "वीस लिटरचा कॅन पाठीवर. बर्फाची उभी चढण. किती पावलं चालाल?"

थांबलो. माना वर आल्या.

"सरपंच, या."

स्टेजमागचा पाण्याचा जार त्यांच्या खांद्यावर दिला अन् चालायला लावलं. तिसाव्या पावलाला तोंड लालबुंद. मैदान खदखदून हसलं.

"खाली ठेवायचा न्हाई," मी म्हणालो. "माझं बोलणं होईस्तोवर."

मग सांगितलं. बर्फातल्या वरच्या पोस्टवर रॉकेल एका दिवसापुरतं; ते संपलं की ना ऊब, ना प्यायला पाणी. हवामान खराब, हेलिकॉप्टर बंद. खालच्या तळावरून आम्ही सहा जण पाठीवर रॉकेलचे कॅन घेऊन, एका दोराला बांधून निघालो. अकरा चाळीसला बळीच्या पायाखालचा बर्फ गेला. तो दोरावर भेगेत लटकला. मी दुसरा दोर सोडला.

वरच्या पोस्टवरून दिसलं असावं, रेडिओ वाजला. "कौन गिरा? ओव्हर."

"बळीराम. लटका है. ओव्हर."

खालून बळी ओरडला, "आधी कॅन घ्या!"

"गप ए! दोर कमरेला बांध!"

"वर पोस्टवर आठ जणं हायेत! कॅन घ्या!"

कॅन वर आला. दोर परत सोडेस्तोवर कडा कोसळला, त्याचा पहिला दोर तुटला. बळी गेला.

त्याच रॉकेलवर पोस्टचा चहा झाला. मीही प्यालो. लई लाज वाटली, तरी प्यालो. बळीनं आणलेलं, वाया कसं घालवणार?

"अजून कुणाला हसायचंय?" मी विचारलं. थांबलो. बोट कुणाकडंच दाखवलं नाही.

सरपंच जार धरून तसेच उभे. बळीची आई उठून त्यांच्यापुढं गेली.

"ठिव खाली, बाबा. अन् ती पाटी काढ. माझं लेकरू घसरूनच गेलं. तसंच लिव. पाठीवर काय हुतं, त्येबी लिव."