पावण्यांची बाजू

वैनी मातीनं भरलेलं बोट ओठावर ठेवायची आणि म्हणायची, "हळू. पावणं आल्यात."

पहिल्यांदा मी फसलो. पाहुणे आलेत म्हणजे चहा टाकला असेल, आपणही टेकावं म्हणून ओट्यावर बसलो. बराच वेळ गेला. चहा नाही, पाहुणे नाहीत, आणि वैनी आपली फुलांकडं तोंड करून उकिडवी बसलेली. शेवटी मीच विचारलं, "वैनी, कुठं हायती पावणं?" तिनं हनुवटीनं दाखवलं. कर्दळीच्या फुलात अंगठ्याएवढं निळंजांभळं पाखरू चोच खुपसून लोंबकळत होतं.

"ह्यो जावई," ती म्हणाली. "नटून येतो, एका जागी बसत न्हाई, आन पोट भरलं की बोलल्याबिगर जातो."

लोणीकडच्या आमच्या वस्तीवर तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक पायवाट. नात्यानं ती माझी कुणी नव्हे. तिचा मालक माझ्या बरोबरीचा, म्हणून ती वैनी आणि मी भावजी. मालक गेल्यावर तिनं घरापुढच्या तुकड्यात फुलं लावली. चांगली काळी जमीन, मी असतो तर त्यात कांदा काढला असता. तसं मी तोंडावर बोललोही. "वैनी, फुलं खाऊन पोट भरतंय का?"

"ज्याचं भरतंय त्याचं भरतंय," ती म्हणाली आणि खुरपं चालवत राहिली.

भादवा सरत आला की त्या तुकड्याकडं बघत राहावं. खाली तेरडा, मग झेंडू, शेवंतीला कळ्या, कुंपणावर गोकर्ण चढलेली आणि माणसाच्या वर गेलेला शंकासुर. नवरात्रात घटाला माळ लागते, तेव्हा सगळी वस्ती परड्या घेऊन तिच्या दारात. पायवाटेकडची फुलं ती ओंजळीनं द्यायची. आतल्या अंगाला मात्र हात लावू द्यायची नाही. "हिकडची तुमची. ती बाजू पावण्यांची."

माझी सून एकदा म्हणाली, "मावशी, देवीला बी न्हाई म्हणता?"

"देवीला तू हायेस की. त्यांना कोन हाय?"

येणाऱ्या प्रत्येकाला तिनं नातं लावलं होतं. मुंगसाला ती तलाठी म्हणायची. बांधाबांधानं येतो, सगळ्यांची जमीन बघतो आणि काम न करता जातो. घोरपड म्हणजे आत्याबाई, कारण ती उन्हात अंग टाकून पडायची आणि जीभ काही आत ठेवायची नाही. भारद्वाज दिसला की मात्र वैनी हात जोडायची. त्याला नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही.

हे वेड कुठून आलं, ते एकदा तिनंच सांगितलं. तिचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी आज या रानात, उद्या त्या रानात. "कुनी म्हनायचं, बसवा मेंढरं, पानी घ्या. कुनी कुत्रं सोडायचं. आमी जलमभर दुसऱ्याच्या रानात पावणं, भावजी. आता मला दार हाय. माझ्या दारातनं कुनी तसंच जायाचं न्हाई."

मागल्या पावसाळ्याच्या शेवटी बिबट्यानं पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं नेलं. दुसऱ्या दिवशी वैनीच्या तेरड्यात, ओल्या मातीत त्याचा पाय उमटलेला. सगळे बघून गेले. वनखात्याची माणसं सांगून गेली, घराभोवती झाडझाडोरा ठेवू नका, आडोसा राहतो. दोन दिवसांनी संध्याकाळी देवळात बैठक बसली. बोलणं सगळ्यांचं सगळ्यांसाठी, पण नजरा वैनीच्या घराकडं.

मी उभा राहिलो. चौथी शिकलेला माणूस आहे, पण एकदा उभा राहिलो की बसत नाही. म्हणालो, "बिबट्या उसात राहतो, शेवंतीत न्हाई. आधी ऊस तोडा आपापला, मग त्या बाईच्या फुलांना हात लावा."

"नाना, तुमचा बी ऊसच हाय की," मागनं कुणीतरी मला म्हणालं.

"माझा तोडायला आला की तोडीन. तवर फुलांना हात लावंल त्याची माझ्याशी गाठ हाय."

लोक हसले, उठले, विषय तिथंच राहिला. मी छाती काढून घरी आलो. बाग वाचवली होती मी.

सकाळी उठून बघतो तर वैनीच कमरेला पदर खोचून विळा चालवत होती. पायवाटेच्या अंगाचा झेंडू आडवा झालेला, शंकासुर बुंध्यातून गेलेला. घट बसायला थोडेच दिवस राहिले होते. मी धावलो. "वैनी! अवं, मी भांडलो की काल! कुनी काय म्हनलं का तुमाला?"

"कुनी न्हाई."

"मग?"

तिनं विळा खाली ठेवला. माझी नात रोज त्या पायवाटेनं शाळेच्या गाडीपर्यंत जाते. पायवाट वैनीच्या कुंपणाला लागून.

"तुमची पोरगी हितं आली की डोळं मिटून पळती, भावजी. कालबी बघितलं, परवाबी बघितलं. माझ्या दारावरनं कुनी डोळं मिटून जायाचं?"

दुपारपर्यंत पावण्यांची बाजूही साफ झाली. पाट्या भरभरून फुलं वस्तीत गेली. त्या साली आमच्या घटांना माळा लई दाट झाल्या.

तिसऱ्या प्रहरी जावई आला. मोकळ्या जागेवर कर्दळ होती तिथं, बरोबर तितक्याच उंचीवर, हवेतच फडफडत थांबला. एकदा, परत एकदा. वैनीनं करवंटीत साखरपाणी करून टांगलं. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. "बरोबर हाय," वैनी म्हणाली. "जावयाची बोळवन कुनी साखरपान्यावर करतं का? पावणं आलं, आन घरात काय न्हाई." एवढं बोलून ती आत गेली. भर उजेडाचं दार लावून घेतलेलं मी त्या घरी प्रथमच पाहिलं.

दिवाळीच्या सुमाराला बिबट्या परत दिसला. माझ्या उसातून निघाला आणि वैनीच्या मोकळ्या अंगणातून सरळ चालत गेला. सुनेनं खिडकीतून बघितला. वैनीला हे सांगू नका, असं मी घरात सगळ्यांना बजावलं.

उन्हाळ्यात तिला मुलगा भोसरीला घेऊन गेला. तिसरा मजला. तिथंच गेली ती, पावसाच्या आधी.

नात आता डोळे उघडे ठेवून चालते त्या पायवाटेनं. बघायला तिथं काही नाही.

काल सकाळी टकटक ऐकू आली. बघितलं तर वैनीच्या बंद घराच्या खिडकीवर, काचेला चोच मारत जावई. बंद दारापुढं कुणी पाहुणा उभा दिसला तर शेजाऱ्यानं हाक द्यावी, पाणी विचारावं, ही आमच्याकडची रीत. मी ओट्यावरूनच ओरडलो, "जावई, घरात कुनी न्हाई. या, हिकडं या."

आलं पाखरू. खरंच आलं. माझ्या अंगणावरून एक फेरी मारली त्यानं. कांद्याची चाळ, ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं. चोच लावावी असं त्याला काही दिसलं नाही. परत गेलं आणि वैनीच्या काचेवर टकटक करू लागलं.