पहिलं विमान

मुलीनं पहिल्यांदा विमानात बसावं ते माझ्याबरोबर, असं माझ्या मनात होतं. घटस्फोटानंतर ती शाळेच्या दिवसांत वर्ध्याला माझ्याकडे राहायची आणि सुट्टीत नागपूरला तिच्या बाबांकडे. एका दिवाळीत त्यांचा फोन आला. ते आणि त्यांची नवी बायको मुलीला सिंगापूरला नेणार होते, आणि त्यासाठी माझी लेखी संमती हवी होती.

मी आठवडाभर टाळलं. शेवटी माझी आई चिडली.

"सही काऊन नाई करत तू? पोरीले पाहू दे ना जग."

"मी दाखवीन तिला जग."

"तू कधी बसली का विमानात?"

नव्हते बसले. कोर्टाजवळच्या नोटरीकडे जाऊन सही करून आले. पाच दिवस रोज व्हिडिओ कॉल यायचा. मुलीच्या केसांची बारीक, घट्ट वेणी कुणी घातली, हे मी विचारलं नाही. "काकूनं घातली, छान आहे ना?" असं तीच म्हणाली. छान होती. ती परत आली त्या संध्याकाळी मी ती वेणी सोडून तिचे केस धुतले. केस मळलेले नव्हते.

दोन वर्षं पैसे साठवून मी श्रीलंकेची तिकिटं काढली. आता त्यांच्या संमतीची गरज होती. त्यांनी आढेवेढे घ्यावेत, निदान एकदा तरी "का?" म्हणावं, असं मला वाटत होतं. ते नागपूरहून आले, नोटरीकडे उभ्या उभ्याच सही केली आणि म्हणाले, "तिची टोपी घेजो, ऊन लागते तिले." यांना काहीच कसं होत नाही, या विचारानं मी घरापर्यंत धुमसत आले.

विमानात मुलीला सगळं ठाऊक होतं. माझा पट्टा तिनंच लावून दिला. विमान धावायला लागलं तशी मी डोळे मिटून घेतले. तिनं माझा हात धरला.

"घाबरू नको आई. मीपण रडली होती. बाबा झोपले होते, मग काकूनं असाच हात धरला होता."

दुसऱ्या बाईकडून शिकलेलं ते धीर देणं मला टोचलं. पण हात मी सोडवून घेतला नाही. खरंच भीती वाटत होती.

मी पवनारची, लहानपणी धाम नदीत पोहायला शिकलेली. श्रीलंकेतल्या उथळ, शांत समुद्रात मी मुलीच्या पाठीखाली हात धरला आणि हळूच काढून घेतला. ती तरंगली. किंचाळून हसली, नाकातोंडात पाणी गेलं, तरी म्हणाली, "पुन्हा!"

संध्याकाळी बाबांचा फोन आला. तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता.

"पोहायले तर मी शिकवणार होतो तुले," ते म्हणाले. "या उन्हाळ्यात. क्लबमध्ये नाव टाकलं होतं."

मला आधी बरं वाटलं, अगदी गार वाटलं. मग मुलगी माझ्याकडे पाहायला लागली, आपलं काही चुकलं का अशा नजरेनं.

"अगं, नुसतं तरंगता येतं तुला अजून," मी म्हटलं. "हात मारणं बाबा शिकवतील. सांग त्यांना."

तिनं सांगितलं. मी टॉवेल घेऊन तिचे ओले केस पुसत राहिले, आणि ते दोघं किती वेळ बोलतात याकडे माझा कान होताच.