शीळफाट्यावर दुधाळलेली बादली

मे महिन्यातल्या अमावास्येला पहाटे साडेचारला डोंबिवली सोडली ती केतकीसाठी. केतकी माझी भाची, इथल्याच एका कॉलेजात कालवांवर पीएचडी करते. या शिंपल्यांची वीण रसायनाच्या इशाऱ्यावर चालते: एका नराने पाण्यात बीज सोडलं की त्याबरोबर आलेल्या रसायनाने आसपासच्या माद्या अंडी सोडतात. ते रसायन तपासायला तिला भरल्या पोटाची, अजून काहीही न सोडलेली कालवं हवी होती. पाऊस लागला की खाडीचं पाणी गोडं होतं आणि कालवं सगळं सोडून मोकळी होतात. खडक उघडे पाडणारी ही अमावास्येची ओहोटी चुकली तर तिचं वर्ष गेलं.

शीळफाटा, मुंब्रा बायपास, कळवा, आणि उजाडता उजाडता विटावा. जाणार असाल तर सहाच्या आत पोहोचा आणि बूट घाला. माझी एक चप्पल अजून त्या चिखलात आहे. वडापाव नाक्यावरच खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही.

खाडीच्या काठावर कालवं काढून देणाऱ्या जनाबाई थांबल्या होत्या. आयुष्य खाडीत गेलेलं. कोयत्याने खडकावरून कालव सुटं करायचं, दोन एकमेकांवर वाजवायची, पोकळ वाजलं ते फेकायचं. पंचवीस निघाली. बारा एका ओल्या गोणीत, तेरा दुसरीत. मी म्हटलं, बादलीत पाण्यात ठेवू का? माझ्याकडे न बघता त्या केतकीला म्हणाल्या, "मामा तुझा मासं पालतो काय, बाय? पान्यान नको ठेवू. एकानं सोरलं का सगली सोरतान."

परतताना साडेनऊला शीळफाट्यावर अडकलो. पुढे ट्रेलर बंद पडला होता. गाडी तापली, तशी केतकी बर्फ बघायला उतरली. मी पहिली गोण उघडली. दोन-तीन शिंपा किंचित उघडल्या होत्या. मला वाटलं, मरतायत. प्रयोगशाळेसाठी घेतलेलं कॅनमधलं खाडीचं पाणी बादलीत ओतलं आणि बाराही कालवं त्यात सोडली.

केतकी बर्फ घेऊन आली, बादलीकडे बघत राहिली.

"मामा, पाणी दुधाळ का झालंय?"

मी सांगितलं. ती ओरडली नाही. "दुसऱ्या गोणीला हात लावू नकोस. तुझे हात त्याच पाण्याचे आहेत." झाकण लावून बादली डिकीत गेली, दुसरी गोण बर्फाशेजारी केतकीच्या मांडीवर.

कॉलेजात तिने तेरा कालवं तेरा बरण्यांत ठेवली, स्वच्छ खाऱ्या पाण्यात. एकही बरणी गढूळली तर सगळं संपलं होतं. अर्धा तास आम्ही काचेकडे बघत उभे. पाणी नितळ राहिलं. मग बादलीतलं पाणी बारीक गाळून, म्हणजे बीज बाजूला आणि रसायन तेवढं पाण्यात, तिने प्रत्येक बरणीत थोडं थोडं घातलं. चौथ्या बरणीतल्या मादीने शिंपा फटकन मिटल्या, उघडल्या, आणि रवाळ ढग बाहेर पडला. मग सातवीत. केतकीने टेबल घट्ट धरलं होतं.

तिचे सर आले. बाकीची बारा कुठे, म्हणून त्यांनी तिलाच झापलं. तिने ऐकून घेतलं, "वाहतुकीत गेली" एवढंच म्हणाली. मी शेजारी उभा होतो, गप्प.

घरी येऊन बादली तीनदा घासली. प्रयोग वाचला, पण केतकीच्या वहीत बारा कालवं गेल्याचं कारण म्हणून "वाहतूक" लिहिलंय. सर, वाचत असाल तर: बादली मी भरली होती.