लग्न होईपर्यंत

गाठ हाताला लागली तेव्हा घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलगा मुंबईला नोकरीला, माणसं तुडीलची. आंघोळ करताना डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, चिंचोक्याएवढं काहीतरी टणक लागलं. दाबलं तरी दुखेना. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं स्वतःला बजावून मी भाकऱ्या थापायला बसले. पण माझ्या आईलाही सुरुवातीला दुखत नव्हतं.

शिवथरला माहेरी आई वर्षभर अंथरुणाला खिळून होती. छातीला जखम झालेली, माश्या बसू नयेत म्हणून आम्ही बहिणी आळीपाळीने वारा घालायचो. कोणी विचारलं की घरचं उत्तर ठरलेलं: पोटाचं दुखणं. आमच्याकडे सोयरीक जमवताना माणसं आधी गावात शिरून चौकशी करतात, घराण्यात काही आजार आहे का म्हणून. बहिणींची लग्नं व्हायची होती, माझंही. तीच थाप घेऊन मी पोलादपूरच्या वरच्या या वाडीत सून म्हणून आले आणि कधी तोंड उघडलं नाही.

आता बोलायचं तरी कोणाशी? नवरा मुंबईला, त्याच्या खोलीत चार भाऊबंद. पोलादपूरच्या दवाखान्यात जावं, तर मिनीडोर रिक्षातली प्रत्येक बाई विचारणार, कुठं चाललीस गो? संध्याकाळी वाडीला आणि दुसऱ्या दिवशी तुडीलला खबर. मी ठरवलं, लग्न होईपर्यंत गप्प बसायचं. पोरीला उजवल्याशिवाय आजारी पडायचीसुद्धा सोय नाही, याचा मला भयंकर संताप यायचा. तो मी भांड्यांवर काढायचे.

गाठ काही थांबली नाही. वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, बोंडही आत गेलं. रात्री कूस बदलतानाही हात तिथेच जायचा.

सासूबाईंचा गुडघा सुजला म्हणून त्यांना घेऊन महाडला गेले. डॉक्टरीणबाईंनी गुडघा पाहिला, गोळ्या लिहिल्या आणि सवयीने विचारलं, "आणखी काही?" सासूबाई काठी टेकत उठल्या होत्या. मी बसूनच राहिले. म्हटलं, "मला गाठ आलीय. छातीत."

बाईंनी पडद्यामागे तपासलं. काखेतही बोटं फिरवली. "घरात कोणाला कॅन्सर झाला होता का? आई, मावशी, बहीण?"

"नाही," मी म्हटलं. जिभेला वळणच तसं पडलेलं.

"हिच्या आयला व्हता," पडद्यापलीकडून सासूबाई म्हणाल्या. "छातीलाच."

मी ब्लाऊजची बटणं न लावताच पडदा सारला. "तुमाला म्हाईत व्हता?"

"लग्नाच्या आधीपासून. आमची मान्सं चौकशीला येऊन हात हालवत गेली काय?"

"मग मला सून केलीत कशाला?"

"भात लावताना बघितली व्हती तुला. हात चालत व्हता."

मला रडू आलं, आणि रागही. इतकी वर्षं मी कोणापासून लपवत होते?

बाईंनी सांगितलं, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, पण ही लगेच तपासायला हवी. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, मग सुईने तुकडा काढायचा. कॅन्सर निघालाच, तर सलाईनमधून औषधं, ऑपरेशन, किरणांचा शेक. कशाची किती गरज, ते तपासण्यांवर ठरणार.

"सुई लावली का पसरतो बोलतात," सासूबाई म्हणाल्या.

"सुईने नाही पसरत, आजी. वेळ घालवला की पसरतो."

तरी मी विचारलंच, "मुलीचं लग्न होईपर्यंत थांबलं तर?"

बाईंनी उलट मलाच विचारलं, "मुलीला माहीत आहे, तुमच्या आईला काय झालं होतं ते? त्यांना कॅन्सर होता, आणि आता तुमचंही तसंच निघालं, तर तिला इतरांपेक्षा धोका जास्त. होईलच असं नाही. पण तिने लवकर तपासण्या सुरू करायला हव्यात."

जिच्यासाठी सगळ्या जगापासून लपवत होते, तिलाच ते आधी कळायला हवं होतं. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी घरी फोन लावला.

"आई, मी तुलाच लावत होते," मुलगी हसत होती. "तुडीलहून निरोप आला. पसंती आहे त्यांची."

सासूबाई शेजारी उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाळा, तुझी शिवथरची आजी कॅन्सरने गेली. आता नीट ऐक."