समुद्र दिसणारी खोली

आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती चालायला लागली, तेव्हा तिला मुंबईच्या एखाद्या मोठ्या हॉटेलात न्यायचं मी ठरवलं. पण हॉटेलांच्या फोटोंवर माझा विश्वास नव्हता. कोळवणला आमच्या शेताशेजारचं रिसॉर्ट जाहिरातीत दारापुढे तळं दाखवतं. तिथे प्रत्यक्षात आमची भातखाचरं आहेत. म्हणून मी फोन करून विचारायचो, "पलंगावर बसून समुद्र दिसतो का?" दोन हॉटेलांनी "हो सर" म्हणून लगेच नाश्त्याचं सांगायला सुरुवात केली. तिसरीकडची बाई म्हणाली, "थांबा, खोलीत जाऊन बघते." तिने तिथून व्हिडिओ कॉल केला. तीच खोली मी घेतली.

पोचल्यावर मी पडदा सरकवला. आई बराच वेळ काचेकडे बघत राहिली.

"आवाज कसा न्हाई येत?" ती म्हणाली. "टीव्ही तर न्हाई ना लावला?"

खिडकी उघडत नव्हती. शेवटी तिला हाताला धरून खाली नेलं. रस्त्यापलीकडच्या कठड्यापाशी लाटेचे शिंतोडे तोंडावर उडाले, तेव्हा तिने ओठ चाटून बघितले.

"खारट हाय," ती म्हणाली आणि कठड्यावर बसली.