शिसवी फळ्यांना जळकं ऑइल

लाकूड विकणारी माणसं लाकडावरच का थुंकतात, हे मला आजवर कळलेलं नाही. इंदापूरच्या एका वखारीत गेलो, तर सागाच्या फळीवर गुटख्याची ताजी पिचकारी. कोरड्या टोकाला टिचकी मारून मी फळीचा आवाज ऐकू लागलो. मालक म्हणाला, "सायेब, लाकूड घेताय का कलिंगड?" किती वर्षं वाळलीय, असं विचारलं, तर म्हणे, "परवाच चिरलीय, एकदम फ्रेश हाय." जणू मेथीची जुडी विकतोय.

लोणी देवकरच्या कारखान्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून येतात, त्या पेट्यांचं पाइनचं लाकूड भंगारात मिळतं म्हणून तिथंही गेलो. खिळे, ग्रीस आणि उंदरांच्या लेंड्या. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझी नोकरी वालचंदनगरला ओतकामाचे लाकडी साचे करण्यात गेली. त्यामुळे लाकडाची पारख आहे आणि लाकूड नासवणाऱ्यांची तेवढीच चीडही. निवृत्तीनंतर बारामतीत आलो. बायको पन्नाशी उलटल्यावर गिटार शिकायला लागली होती, पण ती चणीने लहान. बाजारातल्या गिटारवरून हात टाकला की तिचा खांदा भरून यायचा. शेवटी तिनं गिटार कपाटावर ठेवली आणि क्लास सोडला. तिच्या मापाची गिटार आपण करायची, असं मी ठरवलं. पण गिटार लहान केली की आवाजही लहान होतो. मग लाकूडच खणखणीत लागतं.

ते सापडलं सासुरवाडीला. इंदापूरजवळच्या गावी माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, जुना शिसवी पलंग मोडून ठेवला होता. उशाकडच्या फळ्या पातळ, सरळ रेषांच्या, वर्षानुवर्षं सावलीत वाळलेल्या. ठोकलं तर पितळी ताटासारखा नाद. बायकोनंही ठोकून पाहिलं आणि खुदकन हसली. मोटारसायकलवर फळ्या नेता येईनात. मी म्हणालो, "तात्या, रविवारी गाडी घेऊन येतो."

रविवारी दारातच वास आला. ट्रकच्या गॅरेजातल्या जळक्या ऑइलचा. आमच्याकडे चौकट असो की बैलगाडी, वाळवी लागू नये म्हणून हेच फासतात. तात्यांनी फळ्यांना ऑइलचे हातावर हात दिले होते आणि ऑइल मुरावं म्हणून त्या पत्र्यावर कडक उन्हात ठेवल्या होत्या. काळ्याकुट्ट, चिकट फळ्या, त्यांना चिकटून मेलेल्या माश्या. उन्हानं या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलेल्या आणि तड्यांतून ऑइल पार आत गेलेलं. असल्या लाकडाला सरस धरत नाही, गिटार जोडणार कशी?

"लेकीला द्यायचं, मग तसंच कसं द्यायचं?" काळे हात धोतराला पुसत तात्या म्हणाले. "आता वाळवी शिवायची न्हाय, जावईबापू."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "लई चांगलं केलं, तात्या."

जेवायला श्रीखंड होतं. त्यालाही मला ऑइलचाच वास येत होता. परतताना गाडीत मी नको नको ते बोललो. "फळ्या वाया गेल्या, हे तात्यांना कधीच कळता कामा नये," बायको म्हणाली. "नाहीतर मला गिटारच नको."

मग वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या, महिनोन्‌महिने घरात वाळवल्या. आंबा वाईट नाही, पण तो शिसव नाही. शिवाय रंगानं फिकट. एका लाकडाला रंग फासून दुसऱ्याच्या नावावर खपवणाऱ्यांना मी जन्मभर शिव्या दिल्यात. आता तोच रंग मी स्वतःच्या हातानं चिंधीनं चोळला. इतकी किळस मला उंदरांच्या लेंड्यांचीही आली नव्हती.

गिटार तिला बसली. तात्यांसमोर ती खांद्याला हात न लावता बराच वेळ वाजवत होती. आवाज बसका, मला ऐकवत नव्हता. तात्यांनी गिटारच्या पाठीवरून हात फिरवला, मग ती नाकाशी धरून हुंगली. "ऑइलचा वास बी न्हाय राहिला."

बायको माझ्याकडे बघत होती.

"व्हय तात्या," मी म्हणालो, "ऑइलनंच असा नाद आला."

तात्यांचा चेहरा उजळला. "मग पलंगाच्या पायथ्याच्या फळ्या बी देतो की! धाकट्या भावाकडं हायेत, कोऱ्या. उद्याच आणतो अन् ऑइल देऊन ठेवतो."