साळाव ते मुरुड, नजर शिडांवर

तर दादा अजूनही म्हणतो, माझं लक्ष रस्त्यावरच असतं. खोटं! मी शेजारी बसून बघितलंय.

कांडल्याच्या गोदीत रजा मिळाली की मी मुरुडचं घर गाठतो. तुम्हाला यायचं असेल तर मुंबईहून बोटीने रेवस, तिथून मोटारीने रेवदंडा, मग होडीने खाडी ओलांडून साळाव. रेवदंड्यालाच पाव-बटाटा खाऊन घ्या, पुढं काही मिळत नाही. साळावहून मुरुडला सर्व्हिस मोटार जाते, तिकीट बारा आणे. ती चालवतो माझा थोरला भाऊ, गणादादा.

मुरुडकडे जाताना समुद्र ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. या रजेत आलो तेव्हा बाबांची होडी मासेमारीला बाहेर होती. तिच्या शिडाला तांबडं ठिगळ. कोर्लई सुटली नि दादाची मान उजवीकडे वळली. आमच्या सख्ख्या काकांची होडी गेली ती परत आलीच नाही, तेव्हापासूनची ही सवय.

"दादा, समोर बघ!"

"बघतोय रं. त्या तिकडं कुनाचं शीड हाय?"

काशीदच्या उतारावर तो खिडकीतून अर्धा बाहेर. वळणावर नारळांनी भरलेली बैलगाडी. मी ओरडलो, दादाने स्टेअरिंग फिरवलं, मोटार वाळूत रुतली. बैल हातभर लांब राहिले.

मागं आमची शेजारीण हिराकाकू होती. रेवदंड्याच्या बाजारात सुकट विकून परतत होती. ती कडाडली, "गणा, बापूस घरी आल्यावर त्याला तुझं मढं दावायचं हाय का?"

दादाने मान खाली घातली. "काकू, बघितल्याबिगर न्हाय ऱ्हावत गो."

सगळ्यांनी मोटार ढकलून वर काढली. काकूने मला मागं पिटाळलं नि रिकामी पाटी घेऊन पुढं बसली. "तू रस्ता बघ. शिडं मी बघतंय."

मग काकू एकेक शीड ओळखत, त्या त्या नाखव्याची टवाळी करत चालली. नांदगाव आलं तशी ओरडली, "तांबडं ठिगळ! आला रं तुझा बापूस!"

दादाने मान वळवली नाही. डोळे पुसायला मात्र मोटार कडेला थांबवली.

परत गोदीत आलोय. किनारा देखणाच आहे, पण डोळ्यांपुढून हटत नाही ती दादाची सरळ धरलेली मान. काकू मोटारीत बसते आठवड्याच्या बाजारापुरती. बाबांची होडी तर रोजच बाहेर. म्हणून दादा, कुरकुर करू नकोस. काकूला रोज पुढं बसव. बाजाराचा दिवस सोडून आठवड्याच्या बाकी सहा दिवसांचे, तिच्या जाण्यायेण्याच्या तिकिटाचे धाडतोय, नऊ रुपये.